बसण्याआधीची फुंकर

लग्न होऊन ओल्शांका गावात आल्यावर पहिल्याच नाताळात ब्रोन्का आजेसासऱ्यांच्या मांडीवर बसली. आजेसासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती, हे तिला ठाऊक होतं. ते जेवायला येतात, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळचं जेवण होतं ते, विगिलियाचं. दिवसभराचा उपास, सगळ्यांचे डोळे खिडकीतल्या पहिल्या चांदणीकडे. चांदणी दिसली. सासूबाईंनी, रोझालियाबाईंनी, टेबलावर गवत पसरून वर पांढरी चादर घातली, ताटं मांडली. मग घरातली माणसं आपापल्या खुर्चीपाशी गेली, वाकली आणि रिकाम्या खुर्चीवर हलकेच फुंकर मारून बसली. ब्रोन्का वोम्झा शहरात वाढलेली. तिला वाटलं, धूळ झटकताहेत. तिची खुर्ची स्वच्छ होती, म्हणून ती सरळ बसली.

"ऊठ! आधी ऊठ तिथून!" रोझालियाबाई किंचाळल्या. "अगं, आमचे मामंजी बसलेत तिथे! फुंकर न मारता बसलीस?"

ब्रोन्का ताडकन उठली. तिचा नवरा लुद्विक खो खो हसत सुटला. "राहू दे ना आई. आजोबांना बरंच वाटलं असेल. तरणीताठी नातसून मांडीवर येऊन बसली."

"तू गप रे! पूर्वजांची चेष्टा नको."

मग रोझालियाबाईंनी नव्या सुनेला सगळं शिकवलं. या संध्याकाळी गेलेली माणसं घरी येतात आणि जागा मिळेल तिथे टेकतात. थकलेली असतात बिचारी. म्हणून आपण बसण्याआधी फुंकर मारायची, 'सरका हो, जागा द्या' म्हणायचं आणि त्यांना उठायला क्षणभर वेळ द्यायचा. आज सूत कातायचं नाही, सुरी उगाच चालवायची नाही, खरकटं पाणी दारातून फेकायचं तर आधी ओरडून सांगायचं. नाहीतर कुणाच्या तरी आजीला आंघोळ घडायची.

"आणि ते जास्तीचं ताट?" ब्रोन्काने विचारलं. "आमच्याकडेही मांडतात. वाटसरूसाठी. अचानक कुणी दार ठोठावलं तर."

"वाटसरू!" रोझालियाबाईंनी नाक मुरडलं. "वाटसरूला मी कधीही वाढीन. त्याच्यासाठी वर्षातून एकदा ताट मांडायचं, हा कुठला शहाणपणा? हे ताट आपल्या माणसांचं आहे, पोरी. जी गेली त्यांचं."

आणि त्यांनी सगळ्यांच्या आधी त्या ताटात खीर वाढली. गहू, खसखस आणि मध यांची. याच गावात मयताच्या जेवणालाही हीच खीर करतात, हे ब्रोन्काला पुढे कळलं. चर्चमधले पाद्रीबाबा दर नाताळात बजावून सांगत, की ते ताट वाटसरूचं आहे, येशूच्या आईबापांना त्या रात्री कुणी दार उघडलं नाही म्हणून. लोक माना डोलावत आणि घरी जाऊन खुर्च्यांवर फुंकर मारत. मला विचाराल तर या गावात हिवाळ्यातल्या लांबच लांब रात्रींना माणसं आपल्या मेलेल्यांना जेवू घालत होती तेव्हा इथे ना चर्च होतं, ना पाद्री, ना नाताळ. सण मागून आला आणि मांडलेल्या पानावर बसला. फुंकर मारून बसला की न मारता, ते कुणी पाहिलं नाही.

त्यानंतर एकच विगिलिया लुद्विकने घरी खाल्ली. युद्धाचा शेवटचा हिवाळा होता. एक सैन्य जात होतं, दुसरं येत होतं आणि दोघांनाही गाड्या लागत होत्या. एका दुपारी बंदुकवाले शिपाई अंगणात शिरले आणि लुद्विकला काश्तान घोड्यासकट, बर्फावर ओढायच्या स्लेजसकट घेऊन गेले. त्यांची पोती पुढच्या गावी पोचवायची होती. "उद्या येतो गं," लुद्विक म्हणाला. "काश्तानला जास्तीचे ओट काढून ठेव."

काश्तान आला. दुसऱ्या पहाटे, एकटाच, मागे रिकामी स्लेज ओढत. ब्रोन्का उठून बाहेर आली तेव्हा रोझालियाबाई अंगणात उभ्या होत्या. हात लालभडक झालेले, आणि घोड्याच्या नाकातून वाफा निघत होत्या. "लुद्विक मागून चालत येत असेल," त्या म्हणाल्या. "स्लेज बघ, कशी स्वच्छ आहे. काही वावगं झालं असतं तर दिसलं नसतं का?"

स्लेज खरंच स्वच्छ होती. त्या स्वच्छ फळ्यांवर ब्रोन्काने आपली आशा टांगली आणि ती वाट बघू लागली.

पुढच्या नाताळात रोझालियाबाईंनी जास्तीचं ताट मांडलं, लुद्विकच्या खुर्चीसमोर. पण त्यात खीर वाढली नाही. ताट कोरडंच ठेवलं.

"आई, खीर?" ब्रोन्का म्हणाली.

"हे वाटसरूचं ताट आहे," रोझालियाबाई म्हणाल्या. "पाहुणा आला की वाढायचं. तुझ्या माहेरी म्हणतात तेच बरोबर. आमच्याकडची माणसं अडाणी."

आणि ब्रोन्का त्या खुर्चीजवळून जात असताना सासूबाई एकदम खेकसल्या, "त्या खुर्चीवर फुंकायचं नाही हं! फुंकर मेलेल्यांसाठी असते. माझा मुलगा वाटेवर आहे."

तेव्हापासून हे असंच चाललं. आणखी एक गोष्ट होती. या गावात असं मानतात, की विगिलियाची चांदणी दिसली की गोठ्यातल्या जनावरांना वाचा फुटते आणि जो त्यांचं बोलणं ऐकतो तो पुढचा नाताळ बघत नाही. म्हणून जनावरांना प्रसादाची रंगीत पापडी भरवायची ती उजेडी, जेवणाआधी, आणि मग कुणी तिकडे फिरकायचं नाही. हे सगळेच पाळत. पण रोझालियाबाई त्या दिवशी तबेल्याकडे पाठ करूनच वावरत. पापडी भरवायला ब्रोन्कालाच धाडत. एरवी काश्तानला ओट घालायच्या, मानेवरून हात फिरवायच्या, पण नाताळाच्या आदल्या दिवशी त्याचं नुसतं खिंकाळणं ऐकलं तरी त्यांच्या हातातली पळी थांबायची. ब्रोन्का मनात म्हणे, म्हातारीला मरणाचं भय बसलंय.

वर्षं गेली. सरकारने लुद्विकला मेलेल्यांत केव्हाच धरलं होतं. पाद्रीबाबा तेवढे अडून बसले होते. "रोझालियाने तोंडाने म्हणू दे, मग दुसऱ्या लग्नाचं बघू," ते म्हणत. "आईच म्हणत नाही तर मी कोण म्हणणार?"

दुसरं लग्न म्हणजे हिपोलित. रस्त्यापलीकडचा, मधमाश्या पाळणारा, बायको तापाने गेलेली, बोलायला थोडा आणि लाजायला फार. खिरीसाठी मध त्याच्याचकडचा यायचा. मध देता देता एकदा तो म्हणाला, "ब्रोन्का, माझं घर फार शांत आहे गं. माश्यासुद्धा हिवाळ्यात बोलत नाहीत." यापेक्षा जास्त प्रेमाचं बोलणं त्याला जमलं नाही आणि ब्रोन्काला लागलंही नाही. तिला त्या घरात जायचं होतं. मूल हवं होतं, खिडकीत दिवा हवा होता. तिचं वय तिशीकडे सरकत होतं आणि ती एका रिकाम्या खुर्चीची बायको होती.

ती खुर्ची खरोखर रिकामी असती तरी चाललं असतं. मागच्या विगिलियाला रोझालियाबाई भाकरी आणायला आत गेल्या असताना ब्रोन्काने ठरवलं होतं, एकदाच फुंकर मारून बघायची. मेला असेल तर सरकेल, नसेल तर काहीच होणार नाही. ती खुर्चीपाशी वाकली, ओठ जुळवले, आणि तिच्या आधी समोरून श्वास आला. गार. ओल्या मेंढीच्या कातड्याचा आणि घोड्याचा वास असलेला. ती मागे सरली ती भिंतीला टेकेपर्यंत. नंतर तिने स्वतःची समजूत घातली, की दाराच्या फटीतून वारा आला असेल. पण दार दुसऱ्या बाजूला होतं.

या वर्षी तिने हिपोलितबरोबर बेत केला. बेत तिचा होता, हिपोलितने नुसती मान हलवली. "ताट वाटसरूचं आहे ना? सहा वर्षं आई हेच म्हणताहेत. मग तू वाटसरू हो. चांदणी दिसली की दार ठोठाव आणि जागा माग. या दिवशी दारातून कुणाला परत पाठवता येत नाही. घरात खुर्च्या तीनच आहेत, बाक युद्धात चुलीत गेला. तुला त्या खुर्चीवर बसवावंच लागेल. एकदा तिथे जिवंत माणूस बसला की आईचंही मन वळेल."

"वाटसरू?" हिपोलित गोंधळला. "अगं, मी समोर राहतो."

"मग गावाला वळसा घालून ये."

चांदणी दिसली. दोघी बायकांनी प्रसादाची पापडी मोडून एकमेकींना दिली. बीटाचं सार टेबलावर वाफाळत होतं, हेरिंग मासे तेलात पडून होते, खिरीचं भांडं मध्ये. रोझालियाबाईंनी आपल्या खुर्चीवर फुंकर मारली आणि बसल्या. ब्रोन्काने मारली आणि बसली. तिसरी खुर्ची, समोर कोरडं ताट.

दार वाजलं.

ब्रोन्काला माहीत होतं कोण आलंय. तिने सासूबाईंकडे पाहिलं. तिला वाटलं होतं, त्या चेहऱ्यावर आनंद फुटेल, सहा वर्षांची वाट बघणं एका क्षणात उजळेल, आणि मग दारात हिपोलित दिसला की तो उजेड विझेल. त्या विझण्याची तिला आधीपासून लाज वाटत होती. पण रोझालियाबाईंच्या चेहऱ्यावर आनंदाचा मागमूस नव्हता. त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून दाराकडे बघत होत्या, आणि त्या नजरेत निव्वळ भीती होती. मुलाची वाट बघणारी आई दाराला घाबरत नाही, हे ब्रोन्काला तेव्हाच खटकलं.

"उघडू नकोस," रोझालियाबाई पुटपुटल्या.

"आई, आजच्या दिवशी?" ब्रोन्काने उठून दार उघडलं.

हिपोलित टोपी हातात घेऊन उभा होता. मिशांना बर्फ लागलेला. पाठ केल्यासारखं तो म्हणाला, "येशूचं नाव धन्य असो. वाटसरू आहे. जागा मिळेल का?"

रोझालियाबाईंनी त्याला पाहिलं आणि त्यांच्या छातीतून इतका मोठा श्वास सुटला की मेणबत्तीची ज्योत हलली. लगेच जिभेला धार आली. "वाटसरू? मेल्या, तुझ्या बुटाखालचा बर्फसुद्धा माझ्याच अंगणातला आहे! कुठल्या लांबच्या मुलखातून आलास? रस्त्यापलीकडून?"

"वळसा घालून आलो, रोझालियामावशी," हिपोलित प्रामाणिकपणे म्हणाला.

"आई, टेबलाशी माणसं विषम झाली, तीन, तर अशुभ म्हणून परत धाडू नका हं त्याला," ब्रोन्का म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा तिखट निघाला. "लुद्विक वाटेवर आहे म्हणता ना? त्याला धरून चार होतात. आणि वाटसरूचं ताट तर मांडलेलंच आहे."

रोझालियाबाई सुनेकडे बघत राहिल्या. सगळा डाव त्यांना कळला होता. "ये," त्या शेवटी हिपोलितला म्हणाल्या. "बस."

हिपोलित खुर्चीपाशी आला. तो याच गावचा. कळायला लागल्यापासून या संध्याकाळी फुंकर मारल्याशिवाय तो कधी बसला नव्हता. त्याची पाठ आपोआप वाकली, ओठ जुळले. आणि तो तसाच थांबला.

त्याला कळलं होतं, आणि त्याच क्षणी ब्रोन्कालाही. एवढा बेत रचला, पण हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. कसं येणार, ती शहरची. फुंकर मारली तर लुद्विक मेला असं त्याच्या आईच्या तोंडावर सांगणं झालं. न मारता बसलं तर, आणि तो खरंच तिथे असला तर, त्याच्या मांडीवर बसणं झालं. हिपोलित वाकून अडकला होता. त्याच्या मिशांतला बर्फ वितळून थेंब थेंब कोरड्या ताटात पडत होता.

"मला नाही जमत हे," तो हळूच म्हणाला. "मी उभ्यानेच जेवतो."

तबेल्यात काश्तानने फळीवर खूर आपटला. रोझालियाबाई उठल्या. टेबलाला वळसा घालून आल्या, हिपोलितला खांद्याला धरून बाजूला केलं आणि लुद्विकच्या खुर्चीपाशी वाकल्या. त्यांचे गुडघे कुरकुरले.

त्यांनी फुंकर मारली. लहान मुलाच्या खरचटलेल्या ढोपरावर मारतात तशी.

"सरक रे बाळा," त्या म्हणाल्या. "पाहुण्याला जागा दे."

खोली गार झाली की ब्रोन्काला तसं वाटलं, कोण जाणे. ओल्या कातड्याचा वास तिच्या गालाजवळून गेला आणि खिडकीकडे जाऊन थांबला, हे मात्र तिने मरेपर्यंत शपथेवर सांगितलं असतं.

"बस आता," रोझालियाबाई हिपोलितला म्हणाल्या, आणि सुनेकडे वळल्या. "स्लेजमध्ये रक्त होतं."

"काय?"

"त्या पहाटे. काश्तान आला तेव्हा. फळ्या भरल्या होत्या आणि त्याची टोपी होती, आरपार भोक पडलेली. टोपी मी चुलीत घातली. स्लेज बर्फाने घासली, हात सुजेपर्यंत. तू उठायच्या आत."

ब्रोन्काला ते लालभडक हात आठवले. गारठ्याने लाल झालेत, असंच ती आजवर समजली होती.

"का, आई?"

"तू केवढी होतीस तेव्हा. नवरा मेला म्हटल्यावर तुझ्या भावाने त्याच आठवड्यात गाडी आणली असती न्यायला. एका आठवड्यात दोघं गेली असती माझ्या घरातून." रोझालियाबाई रडत नव्हत्या. "वाट बघणारी बाई घर सोडत नाही. म्हणून मी तुला वाट बघायला लावली."

"सहा वर्षं," ब्रोन्का म्हणाली. "सहा वर्षं मी पायांचे आवाज ऐकत झोपले. मला मूलबाळ झालं असतं. तुम्ही माझी सहा वर्षं चुलीत घातलीत."

"हो."

"आणि त्याला उपाशी ठेवलंत! तुमचाच नियम ना, मेलेल्यांना आधी वाढायचं? दर वर्षी तो इथे येऊन कोरड्या ताटापुढे बसून गेला. तुमचा मुलगा!"

रोझालियाबाईंना एवढं सगळं सोसलं, पण हे लागलं. त्यांनी खिरीचं भांडं ओढून ताटात पळीवर पळी खीर वाढली, इतकी की काठावरून ओघळली, आणि ते ताट नेऊन खिडकीत ठेवलं. काचेपाशी क्षणभर उभ्या राहिल्या. मग प्रसादाच्या थाळीतली उरलेली पापडी उचलली, शाल घेतली आणि दाराकडे निघाल्या.

"कुठे निघालात, मावशी?" हिपोलित अर्धवट उठला.

"काश्तानकडे. तो सहा वर्षं सांगायचं म्हणतोय. आज ऐकते."

दार लागलं. हिपोलितने ब्रोन्काकडे पाहिलं. "चांदणी दिसल्यावर तबेल्यात? आज? ब्रोन्का, जो ऐकतो तो..."

"माहीत आहे मला."

"मग अडव त्यांना."

"नाही अडवत," ब्रोन्का म्हणाली. "जाऊ दे. ऐकू दे. कुठे पाडला, कसा पाडला, एकटाच होता का, सगळं ऐकू दे एकदा." ती हे मनापासून म्हणत होती. तिच्या अंगाचा नुसता जाळ झाला होता. म्हातारी या वर्षी मेली असती तर त्या घटकेला तिला चाललं असतं.

ती बसून राहिली. खिडकीतल्या ताटाशेजारी काचेवर वाफ धरली होती, कुणी अगदी जवळ तोंड आणून जेवावं तशी. सार गार होत चाललं होतं. बाहेरून सासूबाईंचा आवाज येऊ लागला, शब्द कळत नव्हते. त्या काहीतरी विचारत. मग थांबत. मग पुन्हा विचारत. आणि मधल्या शांततेत काश्तानच्या घशातून घुरघुर उठत होती. एरवी घोडे अशी घुरघुर करत नाहीत.

ब्रोन्का उठली. तिला स्वतःलाच कळलं नाही, राग उतरला होता की तसाच होता. तसाच होता बहुतेक. शाल न घेता ती अंगणातून धावत सुटली, गुडघाभर बर्फात, पायात घरातल्या सपाता.

तबेल्यात दिवा नव्हता. नुसता बर्फाचा उजेड आत पडला होता. रोझालियाबाईंनी काश्तानच्या मानेत डोकं खुपसलं होतं. पापडी पायाशी पडली होती. घोड्याने मान वळवली, ओठ मागे घेतले, श्वास भरला.

ब्रोन्काने मागून जाऊन आपले दोन्ही तळवे म्हातारीच्या कानांवर दाबून धरले. घट्ट. रोझालियाबाई धडपडल्या, मग त्यांनी तिच्या मनगटांना हात लावला आणि थांबल्या.

ब्रोन्काचे स्वतःचे कान उघडे होते.